मसलत, फितुरी आणि पंच

भूमिका-खेळाच्या बैठकीत एखाद्या खेळाडूने सोबत्यांच्या नकळत सूत्रधाराच्या हाती चिठ्ठी सरकवून शत्रूशी संधान बांधले, किंवा रात्रीच्या पहाऱ्यावर असता आपल्याच जथ्यातील निद्रिस्त वीराची थैली कापली, म्हणजे त्या मेजाभोवती जो बखेडा माजतो तो पाहून अनेक सुज्ञ माणसांचा असा समज झालेला आढळतो की, राजकारण आणि परस्परविरोध हे या खेळाला मागाहून जडलेले विकार असून त्याचे मूळ रूप एकोप्याने केलेल्या साहसाचे होते. इतिहास याच्या नेमका उलट आहे. या खेळात मसलत आधी आली, फितुरी तिच्या पाठोपाठ आली, आणि एकोपा हा पुष्कळ वर्षांनंतर, दोन्ही बाजू थकल्यावर व्हावा तसा झालेला तह आहे. मग मूळच्या मसलतीने मित्रांची मने का दुभंगली नाहीत आणि पुढच्या मोहिमांत ती का दुभंगू लागली, हा प्रश्न उरतो. आणि त्याचे उत्तर माणसांच्या स्वभावापेक्षा खेळाच्या रचनेत शोधावे लागते, असे मला वाटते.

ज्या वाचकांचा या खेळाशी परिचय नाही त्यांच्यासाठी एवढे सांगणे पुरे की, यात चार-सहा माणसे मेजाभोवती बसतात, प्रत्येक जण एका कल्पित व्यक्तीची भूमिका पत्करतो, त्यांतील एक जण सूत्रधार होऊन सभोवतालचे जग, त्यातील माणसे व संकटे उभी करतो, आणि इतरांनी ‘मी असे करतो’ म्हणून सांगितलेल्या कृतीचा परिणाम नियमांच्या आधाराने, फाशांच्या कौलाने व सूत्रधाराच्या विवेकाने ठरतो. अशा बैठका महिनोन्महिने, क्वचित वर्षानुवर्षे, एकाच कथानकात गुंफत गेल्या म्हणजे त्या मालिकेला मोहीम म्हणतात.

या सूत्रधाराचा पूर्वज प्रशियाच्या फौजेत सापडतो. थोरल्या राइसवित्स यांनी 1812 साली राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याच्यापुढे मेजावरील युद्धाचा एक खेळ मांडला होता, आणि त्यांच्या तोफखान्यातील अधिकारी पुत्राने 1824 साली त्याला नकाशावरच्या शिस्तबद्ध कवायतीचे रूप दिले. लाल आणि निळा असे दोन पक्ष, 1:8000 या प्रमाणाचा नकाशा, दोन-दोन मिनिटांचे डाव, आणि या सर्वांवर एक पंच. प्रत्येक सेनापतीने आपला हुकूम लेखी करून पंचाकडे द्यावा, आणि पंचाने त्या सेनापतीला रणांगणावर जेवढे दिसले असते तेवढेच नकाशावर दाखवावे, हा त्यातील मर्माचा नियम. म्हणजे दोन माणसे एकाच खेळात असून दोघांचे ज्ञान निरनिराळे, आणि संपूर्ण सत्य फक्त तिसऱ्याच्या दप्तरात. जनरल स्टाफचे प्रमुख म्युफ्लिंग यांना हा प्रकार इतका पसंत पडला की त्यांच्या शिफारशीने तो पलटणींतून सुरू झाला. धाकट्या राइसवित्सच्या वाट्याला मात्र त्याचे सुख फारसे आले नाही. 1827 साली त्याने आत्महत्या केली. पुढे 1876 मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने कोष्टकांचे व फाशांचे जंजाळ बाजूला सारून अनुभवी पंचाचा निर्णय हाच नियम मानावा, असे प्रतिपादन केले, आणि पंचाची मुखत्यारी जवळजवळ निरंकुश झाली.

या लष्करी प्रघातात एक गोष्ट अशी होती की जिच्याकडे इतिहासकारांचे लक्ष कमी जाते, परंतु जिच्यावर माझ्या सर्व विवेचनाचा भार आहे. खेळ संपला की पंच दोन्ही पक्षांना एकत्र बसवून संपूर्ण नकाशा उघडा करी आणि कोणी काय लपविले, कोणाचा कोठे अंदाज चुकला, याची सर्वांसमक्ष चर्चा होई. दिवसभर एकमेकांना फसविणारे अधिकारी त्या बैठकीतून उठत ते हिशेब चुकता करून उठत.

फितुरीला मुख्य आसनावर बसविण्याचे काम मात्र एका अमेरिकन विद्यार्थ्याने केले. ॲलन कॅलहॅमर हे हार्वर्डमध्ये एकोणिसाव्या शतकातील युरोपचा इतिहास शिकत होते; पहिल्या महायुद्धाच्या कारणांविषयीचा सिडनी फे यांचा ग्रंथ त्यांच्या वाचनात होता; आणि सात राष्ट्रे परस्परांशी तह करीत व मोडीत अखेर सर्वनाशाप्रत कशी गेली, हे मेजावर दाखविता येईल, अशी कल्पना त्यांच्या मनात आली. 1954 मध्ये आकारास आलेला हा ‘डिप्लोमसी’ नावाचा खेळ कोणी प्रकाशक छापीना, तेव्हा 1959 साली त्यांनी स्वतःच त्याच्या 500 प्रती काढल्या. यात फासे नाहीत. डावापूर्वी खेळाडूंनी कोपऱ्यात जाऊन वाटाघाटी कराव्यात, हवी ती वचने द्यावीत, नंतर प्रत्येकाने आपले हुकूम गुप्तपणे लिहावेत आणि सर्वांचे हुकूम एकदम वाचले जावेत. वचनाचे बंधन शून्य. सातही राष्ट्रांची शक्ती जवळजवळ सारखी असल्यामुळे दुसऱ्याच्या मदतीवाचून कोणाचेच पाऊल पुढे पडत नाही, आणि अंतिम विजय तर बहुधा त्या मदत करणाऱ्याच्या पाठीत सुरा खुपसल्यावाचून मिळत नाही. बारभाईंच्या कारस्थानाची कागदपत्रे ज्याने चाळली असतील अशा मराठी वाचकाला या मेजावरची हवा परकी वाटणार नाही.

1963 साली न्यूयॉर्कचे जॉन बोर्डमन यांनी हा खेळ टपालाने खेळण्यासाठी ‘ग्राउस्टार्क’ नावाचे नियतकालिक सुरू केले, आणि तेथे एक अनपेक्षित प्रकार घडला. दोन डावांमधील आठवडे मोकळे असल्यामुळे खेळाडू आपल्या राष्ट्राच्या नावाने खलिते, दरबारी बातम्या, खोटी जाहीरपत्रके लिहून पाठवू लागले. रशियाची सोंगटी हलविणारा माणूस झारच्या मंत्र्याच्या भाषेत बोलू लागला. भूमिका घेण्याची हौस ही अशी कारस्थानाच्या पोटी जन्मली. आणि येथेही तो जुना प्रघात टिकून होता: डाव संपल्यावर प्रत्येक खेळाडूने आपण कोणाला केव्हा व का फसविले याचे निवेदन लिहावे, आणि ते सर्वांनी वाचण्यासाठी छापले जावे. ती निवेदने लिहिण्यात लोकांना विजयाइतकाच रस असे, आणि पराभूतांची निवेदने पुष्कळदा अधिक खुमासदार असत.

आता मिनेसोटा प्रांतातील मिनीॲपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांकडे वळले पाहिजे, कारण या इतिहासाची खरी गंगोत्री तेथे आहे. डेव्हिड वेस्ली हे तेथील युद्धखेळांच्या मंडळातले पदार्थविज्ञानाचे अभ्यासक. अमेरिकन लष्करातील टॉटेन या अधिकाऱ्याने 1880 साली लिहिलेला ‘स्ट्रॅटेगोस’ नावाचा जुना ग्रंथ त्यांना विद्यापीठाच्या ग्रंथालयात गवसला होता, आणि खेळाडूने काहीही करू म्हणावे, त्याचा निवाडा पंचाने करावा, हे त्यातील तत्त्व त्यांच्या मनात घर करून बसले होते. 1969 साली त्यांनी नेपोलियनच्या काळातील एक डाव योजला. ब्राउनस्टाइन हे कल्पित जर्मन गाव, त्याच्या दोन बाजूंनी दोन फौजा चालून येत आहेत. परंतु नित्याप्रमाणे दोन सेनापती नेमून न थांबता वेस्लींनी जमलेल्या इतर मित्रांना गावातील माणसे वाटून दिली: नगराध्यक्ष, सावकार, विद्यापीठाचा कुलपती, क्रांतीची स्वप्ने पाहणारे विद्यार्थी. प्रत्येकाचा हेतू वेगळा, आणि तो फक्त त्यालाच ठाऊक.

वेस्लींची तजवीज अशी होती की, एकेकाला बाजूच्या खोलीत बोलावून त्याचे म्हणणे ऐकावे, नोंदवावे, आणि मग गावात काय घडले ते जाहीर करावे. पण पंच आतल्या खोलीत एका खेळाडूचे ऐकत असता बाहेरच्या वीस-एक माणसांनी गप्प कसे बसावे? त्यांनी आपापसांत मसलती सुरू केल्या, संधाने जुळवली आणि मोडली, आणि वेस्ली बाहेर येतात तो दोघांनी येऊन सांगितले की आमचे द्वंद्वयुद्ध ठरले आहे, त्याचा निकाल द्या. द्वंद्वयुद्धाचे नियम त्यांनी लिहिलेच नव्हते. त्यांनी तेथल्या तेथे काही तरी निवाडा केला, तो संपतो न संपतो तो दुसरी भानगड उपस्थित झाली, तिसरी झाली, आणि ज्या दोन फौजांसाठी हा सर्व खटाटोप मांडला होता त्यांची लढाई बाजूलाच राहिली. रात्र संपली तेव्हा वेस्ली खिन्न होते. आपला डाव साफ फसला, अशी त्यांची खात्री झाली होती. खेळाडू मात्र पुढचा ब्राउनस्टाइन कधी, असे विचारीत होते.

निर्मात्याने आपल्या निर्मितीकडे पराभव म्हणून पाहावे, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. वेस्लींनी पुढच्या दोन प्रयोगांत बंदोबस्त वाढविला, माणसांची मोकळीक कमी केली, आणि ते दोन्ही प्रयोग निर्जीव झाले. चौथ्या खेपेस त्यांनी हट्ट सोडला. या वेळी स्थळ होते दक्षिण अमेरिकेतील एक कल्पित, नित्य बंडांनी पोखरलेले प्रजासत्ताक, आणि खेळाडूंमध्ये होते डेव्ह आर्नसन. आर्नसन यांच्या वाट्याला शांततावादी क्रांतिकारकाची भूमिका आली होती; पत्रके वाटली म्हणजे त्यांना गुण मिळायचे. हे गृहस्थ घरूनच अमेरिकन गुप्तहेर खात्याचे खोटे ओळखपत्र तयार करून घेऊन आले. बैठकीच्या ओघात त्यांनी दुसऱ्या एका खेळाडूला ते ओळखपत्र दाखवून आपण वेषांतर केलेले हेर आहोत असे पटविले, देशाचा खजिना सुरक्षित ठेवण्याच्या मिषाने ताब्यात घेतला, हेलिकॉप्टर मिळविले, आणि राजधानीवरून उडून जाताना सारी पत्रके खाली सोडून देऊन ते गुणही पदरात पाडले. या सर्व प्रकारात आर्नसन यांनी नियम एकही मोडला नाही, कारण मोडण्याजोगा नियम नव्हताच. होता तो फक्त पंच, आणि पंच हसत होता. ज्याचा खजिना गेला तो खेळाडूही त्या रात्रीअखेर सारी हकीकत ऐकून हसलाच असणार, कारण डाव तेथेच संपला होता आणि उद्याच्या सकाळी कोणाचेही काही देणे-घेणे उरले नव्हते.

1970 च्या अखेरीस वेस्ली लष्करी कर्तव्यावर गेले, आणि 1971 च्या वसंतात आर्नसन यांनी स्वतःचे ‘ब्लॅकमूर’ उभे केले: एक सरदारी मुलूख, एक किल्ला, त्याच्या पोटात भुयारे. ही भुयारे पुढे इतकी प्रसिद्ध झाली की वरच्या किल्ल्याचे राजकारण लोक विसरून गेले. वास्तविक ब्लॅकमूरमध्ये सज्जनांचा पक्ष जसा खेळाडूंचा होता तसा दुर्जनांचाही खेळाडूंचाच होता. डेव्हिड फँट यांच्या हातातला सर फँग हा रक्तपिपासू पिशाच्च इतरांना इतका भारी पडू लागला की त्याच्या बंदोबस्तासाठी माइक कार यांची धर्मोपदेशकाची भूमिका निर्माण करावी लागली, आणि या खेळातील ‘क्लेरिक’ हा सर्वपरिचित वर्ग अशा एका घरगुती वैरातून अवतरला. एकदा तर सज्जन मंडळी भुयारात द्रव्य शोधण्यात गुंग असता शत्रुपक्षाने वरचा किल्लाच घेतला. आर्नसन यांनी त्या बेसावध वीरांना दया न दाखविता मुलखाबाहेर लॉक ग्लूमेन येथे हद्दपार केले, आणि मोहीम तेथून पुढे चालू राहिली.

हे शेवटचे चार शब्द महत्त्वाचे आहेत. ब्राउनस्टाइन एका रात्रीत संपत असे. ब्लॅकमूर संपत नसे. किल्ला गमावणाऱ्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच मेजावर, किल्ला घेणाऱ्याच्या शेजारी बसावे लागे, आणि पंचाच्या दप्तरातील गुपिते पुढच्या डावासाठी लागणार म्हणून ती कधीच उघड होत नसत. मोहीम या संस्थेने खेळाला अपूर्व खोली दिली, पण हिशेब मिटविण्याचा दिवस मात्र तिने रद्द केला. सुरुवातीला हे जाणवले नाही, कारण मंडळी जुनी, एकमेकांना ओळखून असलेली, आणि कारस्थानाच्या शाळेतच तयार झालेली होती.

आर्नसन यांची आणि विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा गावच्या गॅरी गायगॅक्स यांची गाठ 1969 साली तेथल्याच ‘जेन कॉन’ या मेळाव्यात पडली होती; 1972 च्या अखेरीस आर्नसन यांनी तेथे जाऊन ब्लॅकमूरचा डाव त्यांना दाखविला, आणि जानेवारी 1974 मध्ये तीन लहान पुस्तिकांची ती प्रसिद्ध तपकिरी पेटी, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, बाहेर पडली. पहिल्या आवृत्तीच्या 1000 प्रती होत्या. त्या पुस्तिकांत एका मोहिमेत 4 पासून 50 पर्यंत खेळाडू सामावतील आणि दर वीस खेळाडूंमागे सुमारे एक पंच असावा, असे सांगितले आहे. आजच्या वाचकाला ही छापखान्याची चूक वाटते. ती चूक नव्हे. पन्नास माणसांचा एक जथा होत नाही, पन्नास माणसांचा समाज होतो. आज हे चौघे भुयारात उतरतील, उद्या दुसरे पाच जण, आणि आधी जाणाऱ्याने नेलेले द्रव्य मागून येणाऱ्याला मिळणार नाही. म्हणूनच गायगॅक्स पुढे सूत्रधाराने दिवस-तारखांची नोंद काटेकोर ठेवावी यासाठी इतके हट्ट धरून लिहीत: प्रतिस्पर्धी मंडळ्या एकाच जगात वावरत असल्या म्हणजे रोजनिशी हाच न्यायाचा पाया होतो. बलाढ्य झालेल्या वीराने गढी बांधावी, शिबंदी ठेवावी, रयतेकडून कर घ्यावा, अशीही तरतूद त्या नियमांत होती. तेव्हा शेजारच्या गढीचा मालक दुसरा खेळाडूच असण्याचा संभव किती होता, हे सांगायला नको.

मग एकोप्याचा जथा आला कोठून? माझ्या मते दोन वाटांनी. पहिली वाट मेळाव्यांतील स्पर्धांची. तेथे परस्परांना अनोळखी अशी माणसे काही तासांसाठी एकत्र बसत, सर्वांपुढे एकच भुयार असे, आणि जथ्याला मिळून गुण मिळत. फितुरीला तेथे वेळही नव्हता आणि प्रयोजनही नव्हते. या स्पर्धांसाठी लिहिलेली साहसे छापून विकली जाऊ लागली, आणि ती विकत घेणाऱ्या गावोगावच्या मुलांना, ज्यांनी ना ब्राउनस्टाइन पाहिले होते ना ‘डिप्लोमसी’, खेळ म्हणजे हाच, असे वाटले. दुसरी वाट कथेची: 1984 पासून निघालेल्या ‘ड्रॅगनलान्स’च्या साहसमालिकेत वीरांचे एक कुटुंबच आधी लिहून ठेवलेले होते, आणि कथानक पुढे जायचे तर त्यांनी एकत्र राहणे भाग होते.

परंतु नियमपुस्तकातील जुने दस्तऐवज कोणी रद्द केले नव्हते. खिसेकापूची विद्या तशीच होती, मारेकऱ्याचा वर्ग 1975 च्याच पुरवणीत दाखल झालेला होता, दुर्जनवृत्तीची भूमिका घेण्यास मोकळीक होती. एकीकडे जथा एकजीव असल्याचे गृहीत, दुसरीकडे फितुरीची सर्व हत्यारे हाताशी, आणि हिशेब उघडा होण्याचा दिवस कोठेच नाही, अशा तिहेरी विसंगतीत दोन पिढ्यांच्या मैत्रीची जी परवड झाली तिची हकीकत जवळजवळ प्रत्येक जुन्या खेळाडूकडे असते. सोबत्याची थैली कापणारा ‘माझी भूमिकाच तशी आहे’ म्हणतो, आणि कापली गेलेला ते ऐकून अधिकच संतापतो; कारण फसविले गेल्याचे दुःख माणूस सोसतो, पण आपण खेळातच नव्हतो आणि समोरचा एकटाच खेळत होता, हे त्याला सोसवत नाही.

ही विसंगती ज्यांनी ओळखली त्यांनी फितुरीला पुन्हा सनद दिली. 1984 च्या ‘पॅरानॉइया’त भुयारी नगरावर राज्य करणाऱ्या यंत्राचे सर्व खेळाडू इमानी सेवक असतात, देशद्रोह्यांना शोधून ठार मारणे हे त्यांचे काम असते, आणि प्रत्येक जण गुप्त मंडळाचा सभासद व विकृत शक्तीचा धनी असल्यामुळे स्वतःच देशद्रोही असतो. प्रत्येकाला सहा देह दिलेले असल्यामुळे मरण हा विनोद होतो. येथे फसवणुकीची तक्रार करणे म्हणजे पावसात भिजल्याबद्दल ढगावर फिर्याद करण्यासारखे आहे. 1991 साली एरिक वुजिक यांनी रॉजर झेलाझ्नी यांच्या कादंबऱ्यांवरून रचलेला ‘अँबर’ हा खेळ तर फाशांशिवायचा. त्यात सिंहासनासाठी झगडणाऱ्या राजकुलातील भावंडे आपापले गुण उघड लिलावात बोली लावून घेतात, म्हणजे वैराची नांदी मोहिमेच्या पहिल्याच दिवशी, सर्वांच्या साक्षीने होते. त्याच वर्षी मार्क राइन-हेगन यांचा ‘व्हॅम्पायर : द मास्करेड’ आला, त्यात प्रत्येक शहर एका अमर राजाच्या अमलाखाली असते, कुळे आपापले वकील दरबारात ठेवतात, उपकाराची फेड हेच चलन असते, आणि तलवार उपसणे हे मुत्सद्देगिरीच्या अपयशाचे लक्षण मानले जाते. मेज सोडून दालनादालनांतून वावरत तो खेळला जाऊ लागला तेव्हा कोपऱ्या-कोपऱ्यांतून मसलती करणारी माणसे पुन्हा दिसू लागली, आणि ब्राउनस्टाइनच्या त्या रात्रीचा वारसा, बहुतेकांच्या नकळत, पुढे चालला. अलीकडे मोहिमेपूर्वी एक बैठक घेऊन विश्वासघात चालेल की नाही हे ठरविण्याची चाल पडली आहे. ती उत्तम आहे, पण तिने करार होतो, हिशेब मिटत नाही.

मेजावरची मसलत-फितुरी खुद्द लेक जिनीव्हात या खेळाच्या कारभारातही कशी शिरली, तेही येथे नोंदविले पाहिजे. गायगॅक्स आणि त्यांचे बालमित्र डॉन के यांनी 1973 साली ‘टी. एस. आर.’ ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रकाशित करणारी कंपनी काढली. के 1975 च्या आरंभीच वारले, आणि पुढे ब्रायन व केव्हिन ब्लूम या बंधूंचे वजन कारभारात वाढत गेले. 1979 साली आर्नसन यांनी मानधनाच्या हक्कावरून कंपनीवर फिर्याद केली. ती 1981 मध्ये तडजोडीने मिटली. 1985 च्या मार्चमध्ये गायगॅक्स यांनी राखीव भाग विकत घेऊन बहुमत मिळविले व कारभार हाती घेतला, आणि व्यवस्था सुधारण्यासाठी लॉरेन विल्यम्स या बाईंना नेमले. ऑक्टोबरात ब्लूम बंधूंनी आपले सर्व भाग विल्यम्स यांनाच विकले. संचालकांची सभा भरली तेव्हा बहुमत कोणाचे आहे हे गायगॅक्स यांना कळले; अध्यक्षपद गेले, न्यायालयात दाद मागितली ती फेटाळली गेली, आणि स्वतःच्या खेळाच्या घरातून ते बाहेर पडले. आर्नसन यांच्याशी झालेल्या तडजोडीच्या अटी त्या वेळी जाहीर झाल्या नाहीत, आणि खेळाचे जनकत्व नेमके कोणाकडे किती, हा वाद दोघांच्या मृत्यूनंतरही, म्हणजे 2008 आणि 2009 नंतरही, त्यांच्या चाहत्यांमध्ये चालू आहे.